नववे कलम कोणी विचारले?

येत्या 24 सप्टेंबरला पुणे कराराचा दिवस आहे. दरवर्षीप्रमाणे धिक्काराचे कार्यक्रम होतील, व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरतील. येरवडा, गांधींचे उपोषण, हिरावून घेतलेले स्वतंत्र मतदारसंघ यांवर भाषणे होतील. आम्हीही ती भाषणे केली आहेत आणि यापुढेही करू. पण मागच्या रविवारी नशिराबादच्या आमच्या अभ्यासवर्गात आम्ही एक साधा प्रश्न विचारला, तेव्हा वीस-बावीस जणांपैकी एकाचाही हात वर आला नाही. प्रश्न असा होता : पुणे करारात कलमे किती, आणि शेवटचे कलम कशाबद्दल आहे?

कलमे नऊ आहेत. पहिल्या कलमात प्रांतिक कायदेमंडळांतल्या 148 राखीव जागा आहेत, त्या सगळ्यांना पाठ आहेत. शेवटच्या, म्हणजे नवव्या कलमात शिक्षणाचा पैसा आहे. प्रत्येक प्रांताने आपल्या शिक्षणाच्या अनुदानातून अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम बाजूला काढून ठेवावी, असे ते कलम सांगते. बाजूला काढून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या कशावर खर्च करू नये.

एका बाजूला राखीव जागा, दुसऱ्या बाजूला राखीव निधी. दोन्ही एकाच कागदावर, एकाच दिवशी सही झालेले. बाबासाहेबांवर किती दबाव होता हे आपण सगळे जाणतो. त्या दबावातही उठताना त्यांनी हे कलम लिहून घेतले. पुढे राखीव जागा संविधानात आल्या, दर दहा वर्षांनी त्यांची मुदत वाढवली जाते, आता ती 2030 पर्यंत आहे. मुदत वाढवायला कोणत्याच पक्षाची ना नसते, कारण त्या जागांवर त्यांचीच माणसे बसतात. निधीचे मात्र काय झाले, हे विचारायला ना पक्ष येतो, ना राखीव जागेवरचा आमदार, ना, स्पष्टच बोलायचे तर, आपण.

मागची विधानसभा निवडणूक आठवून पाहा. 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान झाले. कापूस वेचणीचे दिवस, बायाबापड्या सकाळी शेतात आणि संध्याकाळी प्रचारसभेत. आम्ही पाच-सहा जणांनी त्या वेळी एक कागद तयार केला होता. त्यावर तीनच प्रश्न होते. एक, अनुसूचित जातींसाठीचा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही असा कायदा तुम्ही विधानसभेत मागणार का? दोन, शिष्यवृत्तीची अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा वाढवण्यासाठी काय करणार? तीन, स्वाधार योजनेचे पैसे विद्यार्थ्याला वर्ष सुरू असतानाच मिळावेत यासाठी काय करणार? दोन रुपयांत झेरॉक्स काढून आम्ही तो कागद जो उमेदवार वस्तीत येईल त्याच्या हातात द्यायचा, आणि लोकांसमोर उत्तर मागायचे, असे ठरवले होते. सगळ्या उमेदवारांना एका ओट्यावर बसवून जाहीर चर्चा घ्यावी असाही विचार होता. तो पहिल्याच दिवशी बारगळला. कोणीही दुसऱ्याच्या शेजारी बसायला तयार नव्हता.

उमेदवारांची नावे इथे देत नाही, कारण मुद्दा नावांचा नाही. एकाने कागद न वाचता खिशात घातला आणि वस्तीत समाजमंदिराला वरचा मजला बांधून देण्याचे कबूल केले. टाळ्या वाजल्या. आमच्याच लोकांनी वाजवल्या. दुसऱ्याच्या सोबतचा कार्यकर्ता म्हणाला, "काय भो, हे प्रश्न कोणी लिहून दिले तुम्हाले?" म्हणजे वस्तीतल्या पोरांना असे प्रश्न स्वतःहून पडू शकतात, हे त्याच्या गावीही नव्हते. तिसरा आपल्याच निळ्या झेंड्याचा. तो पाऊण तास बोलला. संविधान धोक्यात आहे हे त्याने तळमळीने सांगितले आणि ते आम्हाला पटतेच. पण त्या पाऊण तासात अर्थसंकल्पातला एक आकडा आला नाही. सभा संपल्यावर आम्ही कागद पुढे केला तर म्हणाला, "आधी आपली सत्ता येऊ द्या, मग हे सगळं आपोआप होईल."

आपोआप काही होत नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. 1927 साली ते मुंबई कायदेमंडळात नामनियुक्त सदस्य म्हणून गेले. मागे पक्ष नव्हता, संख्याबळ नव्हते, सत्ता तर दूरच. त्याच वर्षी 12 मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. त्या भाषणात त्यांनी काय केले ते प्रत्येक तरुणाने वाचायला हवे. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारसमोर ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई 14 आणे खर्च करते आणि दारूवरच्या करातून लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, असा तो हिशेब होता. शाळेत दाखल झालेल्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची 82 पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी दाखवून दिले. याच गतीने गेलो तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला 40 वर्षे आणि सगळ्या मुली यायला 300 वर्षे लागतील, हेही सांगितले. आपण प्रतिनिधी कशाला म्हणतो याचे ते माप आहे. आपला उमेदवार त्या मापाला उतरणार नाही हे कबूल. पण त्या दिशेला तोंड तरी करून उभा आहे का, एवढे तपासायला काय हरकत आहे?

आणि हे काही मुंबईपुरते नव्हते. 1937 च्या निवडणुकीत आपल्या पूर्व खानदेशातून स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव निवडून गेले होते. आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या किती तरुणांना हे नाव माहीत आहे? बाबासाहेबांच्या पक्षाचा आमदार आपल्या भागाने दिला होता, ही गोष्ट आपण भाषणात सांगतच नाही. आपल्या भाषणात भीमा कोरेगाव असते, महाड असते, आपला जिल्हा नसतो.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी भांडून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज कॉलेजात जाणारे आपले प्रत्येक पोर महाडीबीटीवर जो अर्ज भरते, त्याचे मूळ तिथे आहे. म्हणून शिष्यवृत्तीला आम्ही सवलत म्हणत नाही. ती वसुली आहे.

आता आजचे आकडे पाहू. नशिराबादहून जळगावला बसने ये-जा करून साधी बी. ए. करणाऱ्या मुलाला या शिष्यवृत्तीत फीशिवाय जो भत्ता मिळतो तो वर्षाला 3,000 रुपये आहे. महिन्याला 250. अकरावी-बारावीच्या मुलाला तर वर्षाला 2,500. विधानसभेच्या प्रचारात लाडक्या बहिणीचा लिलाव कसा चालला होता आठवते ना? 1,500 मिळत होते, महायुती म्हणाली 2,100 देऊ, महाविकास आघाडी म्हणाली 3,000 देऊ. हे महिन्याचे आकडे. आमच्या आयाबहिणींनाही ते पैसे मिळतात, आणि त्या पैशांनी घरात तेल-मीठ येते, सिलिंडर येते. त्याविरुद्ध आम्ही एक शब्द बोलणार नाही. पण संपूर्ण प्रचारात एका तरी नेत्याने म्हटले का, की विद्यार्थ्याचे 250 चे 500 करतो? आईचा भाव दर आठवड्याला वाढत होता आणि तिच्याच पोराचा भाव कोणाला माहीतही नव्हता.

हे झाले प्रचारातले. पुढे काय झाले? मे 2025 च्या सुरुवातीला लाडकी बहीण योजनेचा हप्ता देण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये वळवले गेले. एका हप्त्यासाठी. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. विभागाची गरज नसेल तर तो बंदच करून टाका, असे ते बोलले. मंत्रीच हतबल असल्याचे सांगत होता. आम्ही कागद-पेन घेऊन हिशेब केला. वर्षाला 3,000 रुपयांप्रमाणे 410 कोटींत साडेतेरा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचा वर्षभराचा भत्ता निघतो.

सरकारची बाजू अशी की, लाडक्या बहिणींमध्ये अनुसूचित जातींच्या महिलाही आहेत, मग त्यांचा वाटा त्यांच्या विभागातून दिला तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद आमच्यातल्याही काहींना पटतो, म्हणून थोडे थांबून बोलतो. जी योजना राज्यातल्या सगळ्या गरीब महिलांसाठी आहे, तिचा लाभ आमच्या आईला नागरिक म्हणून मिळतो. तो तिला सर्वसाधारण तिजोरीतूनच मिळाला पाहिजे. अनुसूचित जाती उपयोजनेची सुरुवात सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी झाली, तीच मुळी यासाठी की सर्वसाधारण योजनांनी जी दरी भरत नाही, ती भरायला लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी असावा. राज्यात आपली लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार जवळपास 12 टक्के आहे. आता बाकीच्यांच्या बहिणींना सर्वांच्या तिजोरीतून आणि आमच्या बहिणीला तिच्याच पोराच्या शिष्यवृत्तीच्या डब्यातून पैसे द्यायचे, आणि वर दोन्ही खर्च तिच्याच नावावर दाखवायचे! याला आमच्याकडे एका हाताने वाढणे आणि दुसऱ्या हाताने ताट ओढणे म्हणतात.

हे करता येते, कारण आपल्या राज्यात ते करण्यापासून रोखणारा कायदा नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने 2013 मध्ये असा कायदा केला, तेलंगणाने 2017 मध्ये, राजस्थानने 2022 मध्ये. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात कोणत्याही पक्षाचे भाषण सुरू होत नाही, त्या महाराष्ट्रात नाही. कायदा झाला म्हणजे सगळे संपले असेही नाही. कर्नाटकात कायदा असूनही काँग्रेस सरकारने हमी योजनांसाठी याच निधीतून हजारो कोटी वापरले. पण तिथे लोकांना बोट ठेवायला कलम सापडले. पैसा वळवायला वाट देणारे 7(ड) हे कलम आंदोलनांनंतर 2023 मध्ये कायद्यातून काढून टाकावे लागले. आपल्याकडे बोट ठेवायचे तर कशावर ठेवणार?

दुसरा प्रश्न अडीच लाखांचा. ही उत्पन्नमर्यादा 2013 पासून तिथेच आहे. बारा वर्षांत पेट्रोल, खत, एसटीचे तिकीट, सगळे वाढले. आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा माणूस आठ लाखांपर्यंत गरीब असतो. ओबीसींची नॉन-क्रीमीलेअर मर्यादाही आठ लाख आहे, आणि ओबीसी बांधवांना ती मिळते याचा आम्हाला आनंदच आहे. पण नवरा-बायको दोघे रोज 400 रुपयांनी वर्षाचे 300 दिवस राबले, तर त्यांचे उत्पन्न 2 लाख 40 हजार होते. थोरला मुलगा कंत्राटदाराकडे चार महिने कामाला लागला की हे कुटुंब आपल्या शिष्यवृत्तीसाठी श्रीमंत ठरते. फीची माफी फ्रीशिपमधून होते, ते खरे. भत्ता मात्र बंद, आणि स्वाधारही बंद. मग तलाठी कार्यालयाच्या दारात उत्पन्नाचा दाखला कमी आकड्याचा मिळावा म्हणून बापाला हात जोडावे लागतात. कष्टाने चार पैसे जास्त मिळवले ही गोष्ट आपल्या माणसाला लपवावी लागते.

स्वाधारबद्दल आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीची हकीकत सांगतो. नाव, कॉलेज काही सांगत नाही. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून तिने खोली घेऊन राहायचे ठरवले. वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच ही योजना आहे, शहराप्रमाणे वर्षाला 43 हजार ते 60 हजार रुपये मिळतात. अर्ज मंजूर झाला. खोलीचे भाडे दर महिन्याला द्यायचे, मेसचे पैसे आगाऊ, आणि योजनेचे पैसे परीक्षा होऊन गेल्यावर. मधले महिने तिच्या आईने बचत गटाचे कर्ज काढले. त्यात शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला, म्हणून कॉलेजने दाखला अडवला. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने शिष्यवृत्तीचे सूत्र बदलले. पाच वर्षांसाठी 59,048 कोटींचा आराखडा, त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40 टक्के, आणि केंद्राचा पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर. ऐकायला छान वाटते. पण एक वाटा एका वेळी, दुसरा भलत्याच वेळी, आणि मधल्या काळात कॉलेजच्या खिडकीवर उभे राहायचे ते विद्यार्थ्याने. आता ती मुलगी म्हणते, "दादा, पुढच्या वर्षी खोली नको, मी ये-जा करते." ये-जा म्हणजे रोजचे तीन तास. ती गुणवत्तेत कुठेच कमी नव्हती.

आणि जे एवढे सगळे पार करून पीएच.डी.पर्यंत पोहोचतात त्यांचे? 2023 मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी 861 संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, कारण सरकारला दोनशेच जणांना द्यायची होती. त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी फेलोशिपवरच्या चर्चेत, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचे विधान केले. राज्याच्या अर्थमंत्र्याचे हे मत. शाळेच्या पातळीवर तर 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांवरच घाला घातला होता. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला ती रद्द केली म्हणून वाचलो. चार महिन्यांनी निवडणूक होती. या अधिसूचनेवर आमच्या वस्तीत आलेल्या एकाही सभेत कोणी ब्र काढला नाही.

इथे आपल्यातले काही मित्र म्हणतील, राखीव आमदार हे चमचेच असतात, त्यांच्याकडून अपेक्षा कशाला? कांशीराम साहेबांनी 1982 मध्ये, पुणे कराराला 50 वर्षे झाली त्याच दिवशी, 'चमचा युग' प्रसिद्ध केले. त्यातले निदान आम्हाला मान्य आहे. पण निदान हे उपचार न करण्याचे कारण कधीपासून झाले? महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे 29 आणि जमातींचे 25 असे 54 आमदार राखीव जागांवरून येतात. शिरसाट स्वतः औरंगाबाद पश्चिमच्या राखीव जागेवरून आले. आपल्या जिल्ह्यातला भुसावळ राखीव आहे, तिथून संजय सावकारे 2009 पासून सलग चार वेळा निवडून आले आणि आज मंत्रिमंडळात आहेत. त्यांना शिव्या घालणे सोपे आहे. त्यांच्या दारात जाऊन नवव्या कलमाबद्दल लेखी विचारणे अवघड आहे, कारण त्यासाठी आधी आपल्याला आकडे वाचावे लागतात.

आणि आपण निवडणुकीत वाद कशावर घालतो? कोण कोणाची बी टीम, कोणामुळे कोणाची मते फुटली, कोणत्या गटाचा निळा खरा. 2024 मध्ये वंचित बहुजन आघाडीला एकही जागा मिळाली नाही, बसपालाही नाही. निकालानंतर आमच्या ग्रुपवर तीन दिवस एकमेकांची आई-बहीण काढणे चालले होते. दोन जुने मित्र त्या दिवसापासून बोलत नाहीत. मे महिन्यात 410 कोटी गेल्याची बातमी त्याच ग्रुपवर पडली, तेव्हा खाली तीन अंगठे आले आणि लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका येतच राहतील. पुन्हा गाड्या येतील, पुन्हा समाजमंदिराला रंग आणि वस्तीला पेव्हर ब्लॉक. तेही आपल्याच निधीतून येतात हे बहुतेकांना माहीत नसते. जिल्हा वार्षिक योजनेत अनुसूचित जाती उपयोजनेचा भाग वेगळा असतो. त्यातला किती पैसा गटार, गेट आणि कमानीवर गेला आणि किती विद्यार्थ्यावर, हे कागदावर मिळते. मागावे लागते एवढेच.

आम्ही मागायला सुरुवात केली आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. दोन अर्ज तयार आहेत. एक जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयासाठी : मागच्या तीन वर्षांत उपयोजनेतला खर्च कोणत्या कामांवर झाला. दुसरा समाजकल्याण कार्यालयासाठी : 2024-25 मध्ये स्वाधारचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि पैसे कोणत्या तारखेला जमा झाले. तारीख हा शब्द अर्जात आम्ही मुद्दाम घातला आहे. नमुना अभ्यासवर्गातल्या दोन मुलींनी लिहिला, त्यातली एक वर सांगितलेलीच. 24 तारखेला धिक्काराची सभा आहे, त्याआधी विहारात तासभर बसून करार पहिल्या कलमापासून नवव्यापर्यंत मोठ्याने वाचायचा आणि अर्जांवर सह्या करायच्या असे ठरले आहे. वरणगाव, साकेगाव, आसोद्याच्या मित्रांनी आपापल्या गावचा अर्ज स्वतंत्र करावा, आमचा नमुना बदलून वापरला तरी चालेल. येताना आधारची नाही, पेनाची आठवण ठेवा.

जय भीम!